खिळ्यावरचं फडकं

अळ्या चौथ्या झोपेतून उठल्या तो गुरुवार, आणि शिक्षक-प्रशिक्षणाचं पोर्टल उघडलं तोही गुरुवारच. दोघांनी एकदमच तोंड उघडलं, असं थोरली शेडमध्ये म्हणाली आणि आपल्या विनोदावर आपणच हसली. सासूबाई शेजारीच होत्या, पण अळ्या उठल्या दिवशी त्या हसत नसत.

रेशमाची अळी चौथ्यांदा कात टाकून उठली की मग तिला एकच काम. आठ-नऊ दिवस तुतीचा पाला खायचा, बोटाएवढं जाड व्हायचं आणि मग कोष विणायला बसायचं. त्या दिवसांत घरातल्या कोणी आजारी पडायचं नाही, गावाला जायचं नाही आणि भांडायचंही नाही, कारण भांडायला लागणारा वेळ पाला तोडण्यात जातो. सासूबाई अळ्यांना पाहुणे म्हणत. "पाहुण्यांचं झालं का?" असं त्यांनी विचारलं, की घरची माणसं अजून उपाशी आहेत एवढं समजून घ्यायचं.

घरात सून एकच. पण ती थोरल्याची बायको म्हणून थोरली. धाकट्या दिराचं लग्न व्हायचं होतं, धाकटी येईल तेव्हा येईल, हिचं नाव मात्र आधीपासून ठरलेलं. चौतीस वर्षांची होती. मुलगी नऊ वर्षांची. मुलगी पाळण्यात असताना तिनं बाहेरून बी.ए.ला नाव घातलं होतं आणि चौथ्या खेपेला इंग्रजी सुटून ती पदवीधर झाली होती. आता पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करायचा, तालुक्याच्या कॉलेजात, बसनं जाऊन-येऊन. फॉर्म पस्तिशीच्या आतल्यांचेच घेत होते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नवऱ्यानं शेडच्या भिंतीवर खडूनं शेवटची तारीख लिहून ठेवली होती. पुढच्या शुक्रवारी, संध्याकाळी पाच. त्याच्याच खाली अळ्यांना किती वेळा पाला दिला त्याच्या रेघा होत्या.

यंदा पाल्याची ओढ होती. विहीर खाली गेली होती आणि मधल्या पट्ट्यातली तुती पिवळी पडून पानं टाकायला लागली होती. हिरव्या राहिल्या त्या फक्त बांधालगतच्या सहा ओळी. बांधापलीकडे गुरुजींची मिरची होती, आणि मिरचीला दिलेलं पाणी पाझरून अलीकडे येत होतं. गुरुजींच्या बोअरचं पाणी खारट. मिरचीला चालायचं, माणसाला नाही. म्हणून रोज संध्याकाळी त्यांच्याकडे पिण्याचे दोन हंडे या घरातून जात. मुलगी कळशीनं खेपा घालायची आणि बदल्यात पाढे म्हणून दाखवायची.

मिरची म्हटली की फवारणी आली, आणि फवारलेल्या औषधाचा वारा लागलेलं पान अळीनं खाल्लं की संपलं. त्यासाठी त्या शिवारात एक रीत होती. ज्याला फवारायचं असेल त्यानं आदल्या दिवशी रेशीमवाल्याच्या घरी तोंडी सांगायचं. ज्याच्या कानावर पडेल त्यानं शेडच्या दारातल्या खिळ्यावरचं लाल फडकं काढून त्या बाजूच्या तुतीला बांधायचं. फडकं झाडाला दिसलं की तिकडे विळा न्यायचा नाही. फडकं खिळ्यावर असलं की सगळं रान मोकळं. फडकं कुठल्याशा जुन्या परकराचं होतं, विटून विटकरी झालेलं, पण त्या घरात त्याचा शब्द सासूबाईंच्या शब्दाच्या खालोखाल चालायचा.

फॉर्म लांबलचक होता. तीन कॉलेजं पसंतीनं लावायची, दहा दिवस शाळेत बसल्याचा दाखला जोडायचा, दोन जणांची शिफारस आणि तीन प्रश्नांची उत्तरं. दहा दिवस तिनं मागच्या महिन्यात, शेड रिकामी असताना, गावच्या शाळेत काढले होते. पहिल्या दिवशी पोरांनी "बाई, बाई" अशा हाका मारल्या तेव्हा आपल्या मागं कोण आलंय म्हणून तिनं वळून पाहिलं होतं. मुख्याध्यापिकेनं दाखला दिला, शिफारसही केली. तीनपैकी दोन उत्तरं लिहून झाली. अडलं ते तिसऱ्यापाशी. 'आपल्या हातून घडलेली एखादी चूक आणि त्यातून आपण काय शिकलात.' चुका तिच्याकडे पोत्यानं होत्या, पण फॉर्ममध्ये शोभेल अशी एकही सापडेना. मीठ दोनदा पडलं हे काय लिहायचं?

शुक्रवारी दुपारी, पाल्याच्या दोन पाळ्यांमधल्या तासाभरात, ती गुरुजींकडे गेली. बी.ए.चं इंग्रजी तिनं त्यांच्याच ओट्यावर बसून सोडवलं होतं. नवरा आणि दीर दोघं त्यांच्या हाताखाली शिकलेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी मिरची धरली होती आणि रोपांनाही ते मुलांसारखंच रांगेत उभं करत. ती गेली तेव्हा ते फवारणीच्या पंपाचं नोझल सुईनं साफ करत होते.

त्यांनी तिची दोन उत्तरं वाचली. चार शब्द खोडले, एक जोडला. शिफारस करायला आनंदानं तयार झाले. पत्र मात्र द्यायचं नव्हतं, त्यांच्या मोबाइलवर एक दुवा येणार होता आणि तो उघडून तिथेच भरायचं होतं. दुवा आला की भरतो, म्हणाले. तिसऱ्या उत्तराचं तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, चूक शोधत बसू नकोस, ती आपणहून येते.

निघताना त्यांनी तिला थांबवलं. उद्या पहाटे मिरचीवर मारतोय, वारा तुमच्याकडचा आहे, बांधाजवळच्या सहा ओळी पंधरा दिवस तोडू नका, असं सांगितलं. मग जुन्या सवयीनं बोट वर केलं.

"परत सांग."

"सहा ओळी, पंधरा दिवस, फडकं बांधायचं," ती म्हणाली.

"शाब्बास."

शाब्बास घेऊन ती बांधावरून येत होती तेवढ्यात फोन वाजला. चौकातला झेरॉक्सवाला. तो फॉर्म भरून देत असे. शाळेच्या दाखल्यावरचा शिक्का पुसट आहे, पोर्टल उचलत नाही, मूळ कागद घेऊन या, आणि आत्ताच या, उद्या मी लग्नाला चाललोय. ती घरात शिरली, कागद घेतला, सायकल काढली. शेडच्या दारावरून गेली. फडकं खिळ्यावर होतं. तिनं ते पाहिलं, हेही तिला पुढे आठवलं. आल्यावर बांधू, असं मनात म्हणाली, आणि आली तेव्हा दाखला एकदाचा चढल्याच्या आनंदात होती, सासूबाई पाल्यासाठी हाका मारत होत्या, मुलगी भुकेली होती. फडकं मनातून सुटलं ते सुटलंच.

शनिवार गेला, रविवार गेला. अळ्या खात होत्या. भरल्या शेडमध्ये त्यांच्या खाण्याचा आवाज येतो, कोणीतरी शेजारच्या खोलीत सुकलेला पाचोळा सावकाश चाळत बसावं तसा. त्या आवाजात थोरली फांद्या पसरायची आणि मनात वाक्यं जुळवायची. हात आपोआप चालत. सासूबाई म्हणत, हिचं शरीर शेडमध्ये आणि जीव कॉलेजात. पण म्हणायच्या त्या कौतुकानं, आणि शेजारणींपुढे तर मुद्दाम मोठ्यानं.

सोमवारी सकाळी चहाच्या वेळी दीर म्हणाला की मधल्या पट्ट्यात आता विळा घालायला काही उरलं नाही, आज बांधाकडचं तोडतो. थोरली तिथेच होती. ऐकलंही तिनं. कुठेतरी काहीतरी टोचल्यासारखं झालं, चप्पल घालताना खडा असावा तसं, पण ती त्या वेळी 'जबाबदारी' आणि 'जाणीव' यांतला कुठला शब्द आधी घ्यावा या विचारात होती. दीर भारा घेऊन आला. ओला हिरवा, देखणा पाला. सासूबाई म्हणाल्या, आज पाहुण्यांची चंगळ. थोरलीनंच तो पसरला. दोन्ही बाजूंच्या मांडण्यांवर, खालून वरपर्यंत, तिच्या हातानं. दाराजवळच्या शेवटच्या मांडणीला पाला पुरला नाही, तिला कालचा उरलेला पिवळट पाला घातला.

तासाभरानं ती चुलीपाशी होती. शेडमधून सासूबाईंची हाक आली नाही, म्हणून तिला कळलं. एरवी त्या सतत काहीतरी ओरडत असत. ती दारात गेली, आणि आवाज थांबला होता.

अळ्या डोकी वर करून डुलत होत्या. काहींच्या तोंडून हिरवट पाणी येत होतं. काही फांदीवरून सुटून खाली कागदावर पडल्या होत्या आणि आखडून निम्म्या झाल्या होत्या. सासूबाई एकेक उचलून तळहातावर घेत होत्या, फुंकर घालत होत्या, खाली ठेवत होत्या, पुन्हा दुसरी उचलत होत्या. चाळीस वर्षं पाला तोडून काळी पडलेली ती बोटं, पण अळीला धरताना अशी, की जणू झोपलेल्या माणसाच्या डोळ्यावरचा केस बाजूला करतायत.

नवरा धावत आला, दीर आला. सगळ्यांनी मिळून वरचा पाला काढायला सुरुवात केली. त्यात काही अर्थ नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं. थोरलीच्या हातात पाला होता, त्याचा वास तिनं घेतला. मिरचीच्या शेताकडून येतो तसा, किंचित.

दिरानं दाराकडे पाहिलं. मग खिळ्याजवळ जाऊन फडक्याला नुसता हात लावला.

"खिळ्यालाच आहे," तो म्हणाला. "म्हणजे म्हाताऱ्यानं सांगितलंच नाही."

आत्ता सांगायचं होतं. ती क्षणभराची फट होती, तोंड उघडलं असतं तर शब्द त्यातून निघून गेले असते. पण सासूबाईंच्या तळहातावर एक अळी अजून हलत होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते. थोरलीही बघू लागली. तोवर दीर बांधाच्या वाटेला लागला होता.

गुरुजी मिरचीतच होते. दिरानं बांधावरूनच सुरुवात केली. नवरा त्याचा दंड धरून मागं, त्याच्या मागं थोरली, हातात रिकामी पाटी, ती कशाला आणली होती कोण जाणे. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा आधी गोंधळला.

"मी सांगितलं होतं," ते म्हणाले.

"कोणाला?"

गुरुजींनी थोरलीकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात प्रश्न विचारून वाट बघतात तसं. थोरली पाटीकडे बघत होती. पाटीच्या विणीत एक काडी अडकली होती, ती तिनं ओढून काढली.

"कोणाला सांगितलं?" दिरानं पुन्हा विचारलं.

"आठवत नाही आता," गुरुजी म्हणाले. "वय झालं."

मग दीर पुष्कळ बोलला. पोरं विसरली म्हणून छड्या मारायचात, आता तुम्हाला कोणी मारायच्या? हे त्यातल्या त्यात सौम्य. थेरडा म्हणाला. आजूबाजूच्या दोन शेतांतली माणसं काम थांबवून ऐकत होती. गुरुजी हातातली मिरचीची पानं एकावर एक ठेवत उभे राहिले. शेवटी दिरानं सांगितलं की आजपासून आमच्या विहिरीचं पाणी बंद, आणि नवरा त्यावर काही बोलला नाही.

दुपारी खड्डा खणला. अळ्या पाट्यांनी नेऊन टाकल्या, वरून चुना. थोरलीनं अकरा पाट्या नेल्या. पाटीचं वजन तिला ओळखीचं होतं, वेगळी होती ती फक्त हालचाल, म्हणजे नसलेली. वाचली ती एकच मांडणी, दाराजवळची, पिवळा पाला खाल्लेली.

नंतरच्या दिवसांत तिला सगळ्यात जड गेलं ते घरच्यांचं वागणं. तिला कोणी काही म्हणेना. म्हणायचं कारणच नव्हतं. सासूबाई वाचलेल्या मांडणीपाशी पाट टाकून बसल्या, निवडून निवडून पाला घालू लागल्या आणि थोरलीला म्हणाल्या, इथलं मी बघते, तू तुझं पूर्ण कर, या घरातून यंदा एक तरी गोष्ट धड बाहेर पडू दे. नवरा रोज विचारायचा, झालं का तिसरं? दिरानं तिच्या सायकलचं पंक्चर न सांगता काढून ठेवलं. मुलगी संध्याकाळी कळशी घेऊन दारात उभी राही, आणि मग आठवून परत ठेवून देई. गुरुजी घरावरूनच जात. सार्वजनिक नळ चौकात होता, अर्धा मैल. दोन्ही हातांत दोन लहान बादल्या, दर पंचवीस-तीस पावलांवर थांबून हात बदलायचे, जणू हात बदलून काही फरक पडणार होता. दारापुढून जाताना ते आत बघत नसत. एकदा बादली हिंदकळून पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. थोरली खिडकीत होती. ती मागं सरली.

बुधवारी दुपारी ती झेरॉक्सवाल्याकडे गेली. तिसरं उत्तर तिनं कागदावर लिहून आणलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच लिहिताना कुठे अडली नव्हती. खोडाखोड नाही, एका बैठकीत तीनशे शब्द. फवारणीचा निरोप, खिळा, फडकं, डुलणाऱ्या अळ्या. सगळं खरं. शेवटी लिहिलं होतं, 'मी ही चूक घरच्यांना लगेच सांगितली व शेजाऱ्यांची क्षमा मागितली. चूक वेळीच मान्य करणे हीच जबाबदारीची पहिली पायरी आहे, हे मी त्यातून शिकले.' फॉर्मला शेवट लागतो. शेवट नसता तर ते उत्तर कसलं?

झेरॉक्सवाला भराभर टाइप करत होता. तो लोकांचे अर्ज टाइप करताना कधी वाचत नसे, तसं त्याचं तत्त्वच होतं. पण मध्येच त्याची बोटं थांबली. गावात काय झालं ते त्यानं ऐकलं होतंच.

"हे खरंय?" त्यानं विचारलं.

"फॉर्मसाठी आहे," थोरली म्हणाली.

त्यानं मान डोलावली. एकदम भारी लिहिलंय, डोळ्यात पाणी येईल वाचणाऱ्याच्या, नंबर लागला म्हणून समजा, असं म्हणाला. मग पोर्टलवर पाहून सांगितलं की सगळं जतन केलंय, पण शेवटचं बटण दाबता येत नाही, दुसरी शिफारस आलेली नाही. तुमच्या गुरुजींची. त्यांना दुवा जाऊन दोन दिवस झाले. शुक्रवारी पाचपर्यंत आली तर ठीक, मला फोन करा, मी इथून दाबतो.

गुरुवारी ती गेली. गुरुजी नुकतेच पाणी घेऊन आले होते आणि ओट्यावर दम खात बसले होते. तळहातांवर बादलीच्या कड्यांचे लाल वळ. तिनं काही विचारायच्या आधीच त्यांनी मोबाइल पुढे केला. दुवा उघडलेला होता. सगळं भरलं होतं, तिची मेहनत, तिचं वाचन, मुलांशी वागणं, सगळीकडे खुणा केल्या होत्या. एकच रकाना कोरा होता. 'उमेदवाराचा प्रामाणिकपणा', आणि त्याखाली चार चौकोन. नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, सांगता येत नाही.

"दोन दिवस इथेच बसलोय," ते म्हणाले.

ते बांधावर खोटं बोलले त्याबद्दल आभार मानावेत की माफी मागावी हे तिला कळेना, आणि दोन्हींतलं एकही तिनं केलं नाही. गुरुजी मग सांगू लागले की वर्गात त्यांनी कधी नाव घेऊन कोणाला उभं केलं नाही. काही फुटलं, चोरीला गेलं, तर नुसते थांबायचे. एकदा शाळा सुटली, शिपायानं घंटा दिली, बाकीच्या वर्गांची पोरं घरी पोचली, तरी ते थांबले होते. "तो शेवटी उठला," ते म्हणाले. "तुझा दीरच तो. रडत उठला. मी त्याला मारलं नाही. तो सांगतो छड्या मारायचो म्हणून. मारायचो, पण त्या दिवशी नाही."

मोबाइल त्यांनी उशीखाली ठेवला.

शुक्रवारी दुपारी वाचलेल्या अळ्या पिकल्या. अंग पिवळसर पारदर्शक झालं, खाणं थांबलं, डोकी वळवून त्या जागा शोधू लागल्या. त्यांना उचलून कोष विणायच्या जाळ्यांवर ठेवायचं काम सगळं घर मिळून करतं. सासूबाई, नवरा, दीर, थोरली. एका मांडणीचं काम चौघांना, हात एकमेकांना लागत होते. सासूबाईंनी विचारलं, आज शेवटचा दिवस ना गं? पूर्ण झालं का तुझं? काय लिहिलंस शेवटी?

तिच्या कमरेला खोचलेला कागद होता. दीर म्हणाला, वाचा ना वहिनी, तुम्ही मास्तरीणबाई झाल्यावर आम्हाला कोण वाचून दाखवणार?

तिनं कागद उलगडला आणि वाचू लागली. वर्गात वाचतात तसं, स्पष्ट. 'माझे कुटुंब रेशीमशेती करते. एकदा माझ्या हातून अनवधानाने एक गंभीर चूक घडली.' नवऱ्याचे हात दुसऱ्या वाक्याला थांबले. दिराचे चौथ्या. सासूबाईंचे चालूच होते. 'शेजाऱ्यांनी मला पूर्वसूचना दिली असूनही' इथवर ती आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थांब."

ती थांबली.

"हे त्यांना लिहिलंयस. मला सांग."

"त्यांनी मला सांगितलं होतं, आई," थोरली म्हणाली. "शुक्रवारीच. माझ्याकडून म्हणवूनसुद्धा घेतलं. मी फडकं बांधलं नाही."

सासूबाईंनी हातातली अळी जाळीवर ठेवली. ती सरकली, तिला पुन्हा नीट ठेवली. नवरा भिंतीवरच्या खडूकडे बघत होता, तारखेकडे की रेघांकडे ते कळत नव्हतं.

दीर उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढेल असं तिला वाटलं होतं. तिला तो चढायला हवा होता.

"अळ्या गेल्या ते गेल्या, वहिनी," तो म्हणाला. "पण मी त्या माणसाला थेरडा म्हणालो. तुम्ही मागं उभ्या होतात."

तो दारात गेला, खिळ्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि बाहेर पडला.

सासूबाईंनी चारच दिवस मोजले, सोमवार ते गुरुवार, बोटांवर, आणि विचारलं की या चार दिवसांत गुरुजींनी नळावरून किती खेपा केल्या असतील. थोरलीला आकडा माहीत होता. सोळा. तिनं सांगितला. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत जे होतं ते तिनं पुढे कधी कोणाला सांगितलं नाही.

"हंडे घे," त्या म्हणाल्या. "फॉर्मचं नंतर."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. नवऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. थोरलीनं हंडे घेतले. विहिरीवर गेली, पाणी शेंदलं, एक डोक्यावर, एक कमरेवर. चालताना घाई करता येत नाही, घाई केली की पाणी सांडतं. ते पाणी सांडू द्यायचं नव्हतं. पाय सावकाश पडत होते आणि वेळ भराभर जात होता, आणि तिला पहिल्यांदाच त्याचं काही वाटेना, निदान वाटू नये असा तिचा प्रयत्न होता.

गुरुजींच्या माठात तिनं पाणी गाळून ओतलं. दुसरा हंडा रांजणात. पदरानं तोंड पुसलं.

"सांगितलं," ती म्हणाली.

"दीर आत्ता इथून गेला," गुरुजी म्हणाले. "उंबऱ्यात उभा होता. काही बोलला नाही. लहानपणीही असाच, आधी उभा राहायचा."

त्यांनी उशीखालचा मोबाइल काढला. घरात रेंज नव्हती, ती फक्त बांधाच्या कोपऱ्यावर मिळायची. दोघं बांधाकडे निघाले. गुरुजी पुढे, ती मागं, रिकामे हंडे हातात. तुतीच्या शेवटच्या झाडाशी दीर वाकून फडकं बांधत होता. पंधरापैकी आठ दिवस अजून राहिले होते. त्यानं वळून पाहिलं नाही.

"गाठ नीट मार," गुरुजी त्याला म्हणाले. "सुटेल."

"हो, गुरुजी," दीर म्हणाला, आणि सोडून पुन्हा बांधू लागला.

गुरुजींनी चष्मा पुसला. मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला. कोऱ्या रकान्यावर बोट नेलं, थांबले, आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. बहुतेक वेळा. मग मोबाइल तिच्यापुढे धरला.

"बरोबर?"

चार चौकोन होते. पहिला कोरा होता. कॉलेजात कोणी बसून हे वाचणार होतं, आणि ज्यांना सगळीकडे 'नेहमी' मिळालेलं असेल अशा शेकडो बायका रांगेत असणार होत्या.

"बरोबर," ती म्हणाली.

त्यांनी बटण दाबलं. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि हिरवी खूण आली. पाचला बारा मिनिटं होती. तिनं आपला फोन काढून झेरॉक्सवाल्याला लावला. त्यानं लगेच उचलला, शिफारस आलेली दिसतेय, दाबू का, म्हणाला.

"थांबा," ती म्हणाली. "तिसरं उत्तर उघडा. शेवटून दुसरं वाक्य. 'लगेच' काढा."

"काढून काय घालू?"

"चार दिवसांनी."

तो म्हणाला, "बाई, 'लगेच' बरं दिसतं हो. चार दिवसांनी म्हटलं की वाचणारा अडखळतो."

"अडखळू दे. आणि 'क्षमा मागितली' तेही काढा. ती अजून मागायचीय."

"मग शेवटी 'वेळीच मान्य करणे' वगैरे आहे त्याचं काय?"

तिनं बांधाकडे पाहिलं. फडकं वाऱ्यानं हलत होतं. दीर शेडकडे चालला होता, तिच्यासाठी न थांबता.

"तेही काढा," ती म्हणाली. "चार दिवसांशी थांबवा. मग दाबा."

त्यानं बोटं चालवल्याचा आवाज आला. पूर्ण वाक्य वाचून दाखवलं. अर्धवट वाटतं, म्हणाला. दाबलं, म्हणाला. पोच आलीय, उद्या कागद घेऊन जा. तिनं फोन ठेवला. गुरुजी ओट्याकडे वळले होते. त्यांच्या माठाचा तिला अंदाज होता. दोन हंड्यांनी तो गळ्यापर्यंत भरत नाही, आणि रांजण तर अर्धाही झाला नव्हता. तिनं हंडे उचलले आणि विहिरीकडे निघाली. सोळा खेपा फिटायच्या होत्या, आणि ही त्यातली दुसरी.